दाजींच्या जीपचा परदेश प्रवास

चहा येईपर्यंत आमच्या दाजींच्या जीपचं सांगतो. दाजी म्हणजे वंदाताईचे मालक, डोंगरकडा गावचे. त्यांना ऑस्ट्रेलियात नोकरी लागली. अशा वेळी माणूस बायकोच्या व्हिसाचं बघतो. दाजी आपल्या जुन्या फोर-व्हील जीपच्या परवानग्या काढायला लागले.

मी म्हणलं, "दाजी, तिथं गाड्या मिळत न्हाईत का?"

"मिळतेत. पण अशी न्हाई मिळत."

हे मात्र बराबर होतं. ढकलल्याबिगर चालू न होणारी गाडी त्या देशात कुठून मिळणार?

शेवटी जीप जहाजात बसली, दाजी विमानात बसले आणि ताई डोंगरकड्यातच बसली. "तुझं मागून बघू," दाजी तिला म्हणले.

जीप तिकडच्या बंदरावर पोचली आणि अडकली. तिथल्या साहेबानं खाली वाकून पाहिलं, तर चाकावरच्या पत्र्यात आपली काळी माती आणि तिच्यात सोयाबीनचा दाणा, त्याला कोंब बी फुटलेला! बाहेरची माती त्या देशात चालत न्हाई. साहेब म्हणला, गाडी पूर्ण खोलून धुवा, न्हाईतर परत न्या.

दाजींनी रडकुंडीला येऊन ताईला फोन लावला. "वंदे, लई तकलीफ झाली गं. एकट्याला करमंना. तुझे कागद उद्याच भरतो, तू ये."

ताई शांतपणे म्हणली, "येते की. पण आधी त्या साहेबाला इचारून घ्या. मी बी त्याच मातीतली हाय. मला धुवून घेणार, का तसंच परत धाडणार?"