जुने नियम पुसायचे राहिलेत

नाही नाही आकिब, मिशीला हात नको — गालावरून चालव वस्तरा, मिशी राहू दे — आणि तू हसू नकोस, तू हसलास की मी हसतो, मग माझा कान जायचा! अरे, आज हसूच आवरत नाहीये. सकाळी कारखान्याचं अख्खं नेटवर्क नव्या मार्गांवर गेलं आणि कुणाला कळलंसुद्धा नाही — कुणाला म्हणजे कुणालाच! कंट्रोल रूममध्ये जांभया देतायत. आमच्या कामात जांभई म्हणजे टाळ्या, बाबा.

कसं केलं? सोपं आहे — म्हणजे मला वाटतं, चुकतही असेन, पीएचडी केल्यापासून कशाचीच खात्री वाटत नाही. तुमच्या कामगार-कॅम्पच्या बसगाड्या घे. रस्ता बदलायचाय, पण निम्म्या चौकांत नवा हुकूम पोचलाय, निम्म्यांत जुनाच — तर? बस जुबैल शहरभर गोल गोल फिरेल, माणसं आत, डबे आत! म्हणून आधी सगळ्या चौकांत नवा हुकूम द्यायचा, जुना तसाच ठेवून. मग फाटकातून निघणाऱ्या गाड्यांना हिरवी पाटी. पाटीवाल्या नव्या रस्त्यानं, बिनपाटीच्या जुन्या. आणि शेवटची बिनपाटीची पोचली, की मगच जुना हुकूम पुसायचा. बस म्हणजे आमचं माहितीचं पॅकेट, एवढंच.

पोचली का? कधीच पोचली रे, नाश्त्याच्या आधी. आर्या — माझ्या हाताखालची, म्हणजे उद्यापासून माझ्या खुर्चीतली — सारखी फोन करतेय, 'सर, जुने नियम काढू का?' मी म्हणतो थांब, एखादं पॅकेट वाटेत असेल. असेल कुठलं! पापणी लवायच्या आत पोचतं ते. पण समजा... असं बघू नकोस आरशातून. बरं, सांगतो — ते पुसलं की माझं काम खलास, करार खलास, फायनल एक्झिट — हा देश कायमचा सोडायचा. वीणा चिपळूणला पडदे लावून बसलीय. म्हणते, 'या, पण ती मिशी तिकडेच ठेवून या, लग्नापासून टोचतेय.' फोनवर मिशीला पीळ देऊन तिला चिडवायचं, इतकाच संसार जमतो रे मला. रोजचा, समोरासमोरचा — जमेल? आणि नाही जमलं, तर परतीची वाट...

फोन वाजला बघ. साबण लागेल — तूच धर कानाला. हं, आर्या. — हो. — हो गं, पूस. — झालं? इतक्यात? — आणि काहीच थांबलं नाही?

आकिब, तुझा हात का थांबला? यल्ला, चल, काढ ती मिशी. आता मी गप्प — बोललो तर ओठ कापेल.