महाराजपुरची पायवाट

१९६५, लढाईचे दिवस. कांचघरला घासलेटच्या रांगेत माझ्यापुढे दोन शेजारणी उभ्या होत्या. वसुधाबाई विचारत होत्या, सरोजिनीबाई सांगत होत्या.

"काहून वो सरोजिनीबाई, काल तुमच्याकडे पोलीस आला होता म्हणे?"

"आमच्या ह्यांना न्यायला. ठेकेदारानं त्याच्या मळ्यातून जाणाऱ्या महाराजपुरच्या पायवाटेवर तार ठोकली ना. म्हणे लढाई चालू आहे, हेर येतील."

"हेर काय त्याची वांगी चोरतील?"

"तेच म्हणून राहिले होते हे. सडकेनं फेरा घालून कामावर गेलं तर फॅक्टरीचा भोंगा होऊन जातो, फाटक बंद. मग ह्यांनी आठ जण जमवले. रोज तार वाकवायची आणि त्याच वाटेनं चालायचं. सुट्टीच्या दिवशीपण."

"सुट्टीला काहून?"

"वाट चालणं सोडलं की मरते म्हणतात."

"अच्छा! मग ठाण्यात काय झालं?"

"दरोगाजींनी ठेकेदाराचा अर्ज वाचला. लिहिलं होतं, 'ये लोग बीस साल से रोज़ यहीं से निकलते हैं, मैं तंग आ गया हूँ।'"

"मग?"

"दरोगाजी हसले. म्हणाले, 'बीस साल से? फिर तो भैया, ये आम रास्ता हुआ। तार निकालो।' त्याच्याच हातानं काढवली."

"चलो, सुटलात."

"कुठं? आज सकाळी हे मला म्हणाले, दोघं ओव्हरटाइमला गेले, माणसं कमी पडून राहिली, तू चल."

"गेलात?"

"गेले ना. लग्नाला अठरा वर्षं झाली वसुधाबाई, पहिल्यांदाच ह्यांनी मला फिरायला नेलं."