गेटवरचा गूळ

सोमवार, ९ जून, सकाळी ६.४०. जालना एमआयडीसीतील एका रोलिंग मिलचे गेट. वॉचमन दत्ता, वय एकावन्न. आरोग्यसेविकेने वजन घेण्यापूर्वी त्यांनी तिला दिलेले निवेदन, त्यांच्याच शब्दांत.

मी मूळचा अंकुशनगरच्या बाजूचा, बाप ऊसतोडीला, आम्ही पोरं सगळी काटकुळी, मंग विसाव्या वर्षी इथं भट्टीवर आल्तो. काय सांगू तुम्हाला ताई, लाल सळई चिमट्यानं वढायची म्हंजे अंगाचं पाणी पाणी व्हायचं, पाच भाकरी खाल्ल्या तरी पोट पाठीला. पाळी लागायच्या आधी गूळ फोडायचा, सगळ्यांनी एकेक खडा तोंडात टाकायचा. ज्यानं घेतला तो टोळीतला, अशी रीत.

मंग सळई सुटून गुडघ्यावर आली. मालकानं गेटवर खुर्ची दिली. आता बघा, काम गेलं पण भूक कुठं गेली? भाकरी पाचच. आमची कुसुम म्हणायची, डबा कमी केला तर लोक म्हणतील नवरा खचला. अन् टोळी आत जाताना जो तो खडा हातावर ठेवायचा, घ्या वॉचमनसाहेब, बसून बसून दमले असाल. मी हसायचो अन् खायचो. न्हाई म्हणलं तर मंग मी टोळीतला कसा? असा एकशे चार किलो झालो.

गुडघ्याचं ऑपरेशन करा म्हणलं तर डॉक्टर म्हणले, आधी नव्वदच्या खाली या. इकडं गेटचा दांडा उचलायला उभं राहता येईना, सुपरवायझर म्हणला, दिवाळीपर्यंत बघतो, मंग दुसरा माणूस. तुम्हीच सांगितलं न्हाई का, चरबीच्या पेशी म्हंजे बारीक थैल्या, खर्ची न पडलेलं अन्न त्यांच्यात साठतं, वजन उतरलं तरी थैल्या रिकाम्या होत्यात पण जात न्हाईत, पुन्हा भरायला टपलेल्या. त्या दिवशी मला भट्टीवरचं माझं काटकुळं अंग आठवलं. कुसुमनं भाकरी दोनवर आणली, भाजी वाढवली. तरी काटा एक्क्याण्णववर अडकला. गूळ सुटंना ना.

मागच्या महिन्यात रशीदभाईला, माझ्या भट्टीवरच्या जोडीदाराला, म्हणलो, मला देऊ नका आता. तो म्हणला, खाऊ नको दत्ता, पर घे. तवापासून रोज घेतो, खिशात ठेवतो, सांजच्याला गेटावरच्या गायीला देतो. देव त्याच्या लेकराबाळांचं भलं करो.

हा बघा, आजचा. काट्यावर चढू? खडा काढून ठेवू म्हणता? राहू द्या ताई. माझ्यातच धरा.

८९.७ किलो.