रूळ सरकवण्याबाबत

विषय : बैठकीतल्या चार बाय अडीच फुटी टेबलावर रेल्वेसह लहान शहर वसविणे. संदर्भ : नागपूरच्या प्रदर्शनातून आणलेली चावीची आगगाडी एक, पत्र्याचे रूळ बारा.

हो, कागदावर असंच लिहून सुरुवात केली मी! हसताय काय? भूसंपादनाच्या कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस रिटायर झाला म्हणून काय विषय-संदर्भाशिवाय खेळेल? शहर आपलंच, चंद्रपूर. काडेपेट्यांची घरं, काथ्याची झाडं, पुठ्ठ्याचं जटपुरा गेट... सगळं बसतं हो, वळण तेवढं बसत नाही! रूळ कारखान्यातूनच वाकवून आलेले. तसूभर आत घेतले की गाडी लोळते, बाहेर घेतले की टेबल संपतं!

बायको म्हणते, "एक खुंटी ठोकाले तुम्हाले महिना लागते, अन शहर वसवून राह्यले!" शेजारचा नथ्थू सायकलवाला ओरडतो, "बाबूजी, गाडी माह्या दुकानावरून काऊन नेता? मी का मेलो?" त्याचं दुकान मुकाट्यानं दोन इंच सरकवलं. ओरडणाऱ्याचं काम होतं, हा कचेरीचा अनुभव.

मग बायकोला चारोळी द्यायला गिरजाबाई आल्या. यांचं घर एकाहत्तर साली कोळसा भरायच्या रेल्वे सायडिंगमध्ये गेलं. नोटीस माझ्याच अक्षरातली. बदली जागेसाठी बाई चौदा वर्षं खेटे घालत होत्या आणि चौदा वर्षं मी म्हणत होतो, "बाई, माझ्या हातात काय आहे? साहेब ठरवतील." आता जावयाच्या पडवीत राहतात.

टेबलापाशी थांबल्या. विहीर ओळखली, पिंपळ ओळखला, मग बरोबर वळणावर बोट ठेवलं. "इथी माह्यं घर होतं. आंगणात कवठ होतं. ते काऊन नाई लावलं?"

काऊन नाही लावलं! तुम्हाला सांगतो, हे शहर मी आठवून काढलंच नव्हतं. हाताला जो नकाशा पाठ होता तोच उतरवला, संपादनाचा! त्यात बाईंची जागा आधीच कोरी...

बाईंनी एक काडेपेटी उचलली, रुळावर ठेवली. "रूळ जरासा सरकवा ना, भाऊ. इथी तं तुमीच साहेब."

साहेब! ज्याच्या पाठीमागं आयुष्यभर लपलो तो साहेब आता मीच? रूळ उचलले, हो, शपथेवर सांगतो, सगळेच्या सगळे उचलले, पुन्हा मांडले, पुन्हा उचलले, बाई उभ्याच... वळण बसत नाही! आणि शेवटी माझ्या तोंडून काय निघावं? "बाई, अर्ज करा."

त्यांना लिहिता येत नाही. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, अंगठा घेतला, वर आवक क्रमांक एक टाकला. "किती दिस लागन?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "पाहतो."

ही उन्हाळ्यातली गोष्ट; आता पोळा होऊन गेला. गाडीला चावी दिलेली नाही. काडेपेटी रुळावरच आहे. अर्ज प्रलंबित आहे.