आईंची बशी

बहरीनमध्ये, मनामातल्या दवाखान्यात माझा नंबर लांब होता. पुढच्या खुर्च्यांवर दोन मराठी बायका बोलत होत्या, म्हणून कान तिकडेच.

"काय गं कश्मिरा, सासूबाईंना स्पेन दाखवलंस म्हणे?"

"दाखवलं कसलं, मॅगी आंटी! अल्मेरियाला समुद्रकाठी नुसतं खात होतो. तिथे काहीही प्यायला मागवलं की सोबत खाण्याची छोटीशी बशी येतेच. फुकट."

"लिंबूसरबतावरसुद्धा?"

"हो ना. पण आईंना घरची सवय. सगळ्यांचं झाल्याशिवाय आपण जेवायचं नाही. बशी आली की सरकवली लेकाकडे, सलीलकडे. कोळंबी गेली, बटाटा गेला, मासा गेला."

"आणि त्या उपाशी?"

"वेटरला वाटलं, बाईंना आवडत नाहीये. बिचारा दर वेळी नवीन काहीतरी आणायचा."

"अरे देवा! मग?"

"मग आतून स्वयंपाकीणबाईच आल्या, आईंच्याच वयाच्या. बशी आईंच्या हातात दिली आणि कमरेवर हात ठेवून समोर उभ्या. हलेचनात!"

"पण भाषा?"

"भाषा कशाला लागते? आईंनी मुकाट्याने खाल्लं. मग स्वतःच बोट वर केलं, अजून एक!"

"शाब्बास! पण बहरीनला आल्यावर खलास, परत तेच ना?"

"काल तव्यावरून पहिली पोळी उतरली, ती आईंनी ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्ली."

"आणि सलील?"

"तो मागे ताट घेऊन उभा. दुसरीची वाट बघत."