तिच्या जागेवर

केस कापायच्या दुकानात मी नंबर लावून बसलो होतो. खुर्चीत दहा-अकरा वर्षांची पोरगी. कमरेपर्यंत वेणी, वेणीत चिंगम चिकटलेलं. बाजूला तिची आई, मागं कात्री घेऊन दुकानवाल्या ताई.

"तेल लावून निघेल हो," ताई म्हणाल्या. "एवढे केस कशाला कापता?"

"मी कुठं कापतेय? हिचाच हट्ट. आठवड्यात तिसऱ्यांदा माखून आलीय, पण तोंड उघडेल तर शपथ."

"कोण चिकटवतं गं, बाळा?"

"मागच्या बाकावरच्या मुली. आधी त्यांच्या पुढच्या जागेवर नवी मुलगी बसायची, तेव्हा तिला चिकटवायच्या."

"मग तू कशाला गेलीस तिथं मरायला?" आई म्हणाली.

"ती बोलायचीच बंद झाली होती, आई. डबासुद्धा उघडायची नाही. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या मस्करी असते. मग मीच तिच्याशी जागा बदलली."

"आणि आता तुझी पाळी."

"म्हणून तर कापायचे. वेणीच नसली तर चिकटवतील कशाला? मग वर्षभर बसता येईल तिथं."



"पाच वर्षं वाढवलेत गं मी हे," आई हळूच म्हणाली.

"माहितीय."

"रडशील नंतर."

"रडेन थोडंसं."

आईनं वेणी एकदा हातात घेतली, मग सोडली. "किती ठेवायचे, तिलाच विचारा."

"कानापर्यंत," पोरगी म्हणाली.

"आणि ती मुलगी? बोलते का आता?" ताईंनी विचारलं.

"अजून नाही. पण काल डबा उघडला तिनं."