वीस किलोची प्लेट

हसू नका, पण आमच्या धरणगावच्या जिममधल्या प्लेटांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. बेंच प्रेस तीन महिने ऐंशी किलोवर अडकलेली. कोच म्हणाला, "आठ दिवस आराम कर, वाढेल."

म्हटलं, प्लेट वीसपेक्षा जड आहे, ते लपवायला हा मला घरी बसवतोय! वीस किलोची प्लेट उचलली आणि थेट कापूस व्यापारी नानांच्या वजनकाट्यावर ठेवली. बरोब्बर वीस.

लाजेनं आठ दिवस जिमकडे फिरकलो नाही. नवव्या दिवशी पंच्याऐंशी किलो सहज उचलले, आणि नवाच संशय आला. पुन्हा नानांकडे. "नाना, जिमवाल्यांनी आता हलकी प्लेट ठेवली."

पुन्हा वीसच. मग मी काट्याकडेच रोखून बघायला लागलो.

नाना भडकले. "प्लेट तीच शे, काटा तोच शे. आठ दिवस झोपलं कोण?"